म्हातारपणाशी जुळवून कोणी घ्यायचे?

सरकारी दवाखान्याच्या वॉर्डात काही म्हाताऱ्या पेशंटांचे फार कौतुक होते. ‘या आजी गुणी आहेत, त्यांचा काहीच त्रास नाही,’ असे सिस्टर सांगतात. आजी कोणाला हाक मारत नाहीत. सलाईन संपले तरी बोलत नाहीत. लघवीला जायचे असले तरी लेक येईपर्यंत धरून ठेवतात. राउंडला डॉक्टर आले की दुखत्या कमरेने उठून बसायची धडपड करतात. कसे वाटते विचारले तर ‘बरं हाय, सायेब’ एवढेच म्हणतात. पुरुषांच्या वॉर्डातले निवृत्त हेडमास्तर मात्र ही गोळी कशाची ते विचारतात, रिपोर्ट वाचायला मागतात, चादर बदलली नाही म्हणून तक्रार करतात. ते ‘कटकटे’ ठरतात.

या दोघांपैकी म्हातारपणाशी खरे जुळवून कोणी घेतले आहे? वॉर्डाचे उत्तर ‘आजींनी’ असे आहे. आमचे उत्तर वेगळे आहे. शरीर पहिल्यासारखे राहिले नाही हे मान्य करणे, लागेल तिथे दुसऱ्याची मदत घेणे आणि तरीही या शरीराबद्दलचा शब्द आपलाच राहील हे न सोडणे, याला आम्ही म्हातारपण स्वीकारणे म्हणतो. हेडमास्तर हे सगळे करत आहेत. आजी पहिल्याच गोष्टीवर थांबल्या आहेत. मदत मागण्याचा आणि प्रश्न विचारण्याचा हक्क आपल्याला आहे, असे त्यांना आयुष्यात कोणी सांगितलेले नाही.

जुळवून घेणे आपल्या म्हाताऱ्यांना शिकवायची गरज नाही. दुसऱ्याच्या रानात खुरपणी केलेल्या, वीटभट्टीवर राबलेल्या, पहाटे उठून शहराचे रस्ते झाडलेल्या या पिढीने दुसरे काय केले? मजुरी कमी मिळाली, गप्प बसले. पाणी वरून ओतले, ओंजळ धरली. मास्तरांनी पोराला वर्गात मागे बसवले, तरी पोराची शाळा सोडवली नाही. त्यांच्या त्या सोसण्यातून आपण पदवीपर्यंत आलो. पण तेच गप्प बसणे आता दवाखान्याच्या खाटेवर त्यांच्या जिवावर उठते आहे. त्याला समजूतदारपणा म्हणणे हा त्यांच्यावर होणारा शेवटचा अन्याय आहे, आणि तो करणाऱ्यांत आता आपलाही समावेश आहे.

गप्प बसणे जिवावर कसे उठते, ते आधी पाहू. म्हाताऱ्या शरीरात आजार तरुण शरीरासारखा बोलत नाही. फुप्फुसात किंवा लघवीत जंतुसंसर्ग झाला तरी म्हाताऱ्या माणसाला ताप येईलच असे नाही. हृदयविकाराचा झटका छातीत न दुखताही येऊ शकतो. नुसता अशक्तपणा, जेवण नको वाटणे, पडणे किंवा एकाएकी गोंधळल्यासारखे वागणे एवढीच खूण असते. दवाखान्यात भरती झालेल्या वृद्धांना ‘डेलिरियम’ होतो, म्हणजे काही तासांत किंवा दिवसांत भान हरपते, दिवस-रात्र कळत नाही, माणसे ओळखू येत नाहीत. हा स्मृतिभ्रंश नव्हे. जंतुसंसर्ग, पाण्याची कमतरता, एखादे नवे औषध, तुंबलेली लघवी असे कारण त्यामागे असते आणि ते सापडले तर पुष्कळदा माणूस पुन्हा ताळ्यावर येतो. काही पेशंट यात आरडाओरडा करतात, सलाईन ओढून काढतात. त्यांच्याकडे लक्ष जाते. पण काही जण यात एकदम शांत होतात, पडून राहतात, झोपेत असल्यासारखे दिसतात. हा शांत प्रकार हमखास नजरेतून सुटतो. आधीच ‘गुणी’ ठरलेली आजी आणखी शांत झाली, तर कोणाला संशय येणार?

दवाखान्याची व्यवस्थाही म्हातारपणाला लोटते. चष्मा, कवळी, काठी घरी राहते, कारण हरवेल अशी भीती असते. रात्रभर ट्यूबलाइट चालू असते. पडतील म्हणून चालू दिले जात नाही. थोडे दिवस खाटेवर पडून राहिले की मांड्यांतली ताकद झपाट्याने जाते आणि ती पुन्हा येईलच याची खात्री नसते. भरती होताना स्वतःच्या पायांनी आलेला माणूस बरा होऊन खुर्चीवरून बाहेर जातो. ‘वय झालं, चालायचंच,’ असे सगळे म्हणतात आणि तोही ते मान्य करतो.

आपल्या म्हाताऱ्यांच्या गप्प बसण्याला इतिहास आहे. दवाखान्याची त्यांना वाटणारी भीती आपण ‘अडाणीपणा’ म्हणून झटकतो. बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये १९२९ सालची काठियावाडातली एक हकीकत नोंदवली आहे. एका अस्पृश्य शिक्षकाची बाळंत झालेली बायको आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. फी आधी ठरली, बाईला वस्तीबाहेर आणावे लागले. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमान माणसाच्या हातात दिला, त्याने तो नवऱ्याच्या हातात दिला आणि नवऱ्याने बायकोला लावला. डॉक्टरने तिला हात न लावता निदान केले. ती बाई वाचली नाही. आज जे पंच्याहत्तरी-ऐंशीत आहेत, त्यांच्या आईबापांनी हा काळ अंगावर झेललेला आहे. डॉक्टरसमोर अंग चोरून बसणे, विचारल्याशिवाय न बोलणे, खाटेवर टेकण्याआधी ‘बसू का’ विचारणे हे घराघरांतून पुढच्या पिढीच्या अंगात मुरलेले आहे. आज कायद्याने अस्पृश्यता गेली, थर्मामीटर कोणी तिसऱ्याच्या हातात देत नाही. पण केसपेपरवरचे आडनाव वाचून बदललेला आवाज आपल्या म्हाताऱ्यांना आपल्यापेक्षा लवकर ऐकू येतो.

आता कामाबद्दल. म्हातारपणाशी जुळवून घेण्याचा एक ठरलेला मध्यमवर्गीय नकाशा आहे. साठीला निवृत्ती, निरोप समारंभ, पेन्शन, सकाळचे फिरणे, नातवंडे, एखादा छंद. त्यात म्हातारपण पायरीपायरीने येते. हातावर पोट असलेल्या माणसाला निवृत्ती नसते. तो काम सोडत नाही, काम त्याला सोडते, आणि बहुधा ते दवाखान्यातच कळते. डॉक्टर सांगतात, ‘यापुढे वजन उचलायचं नाही, उन्हात जायचं नाही.’ डॉक्टरांसाठी तो सल्ला असतो. ऐकणाऱ्यासाठी रोजी, घरातले स्थान आणि स्वतःची ओळख त्या एका वाक्यात संपलेली असते. कष्टाच्या जोरावर ज्याने मान मिळवला, त्याला दुसऱ्याच्या हातचे खाणे मरणाहून कठीण वाटते. त्याला आपण ‘आता आराम करा’ म्हणतो, तेव्हा आपण नेमके काय काढून घेतो आहोत याचा विचार करत नाही.

बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळत होते, त्याच काळात, १९४४ साली, कामगारांच्या आरोग्य विम्याबद्दलचा अडारकर अहवाल आला आणि १९४८ साली कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. आजारी पडणे हा कामगाराचा खाजगी दुर्दैवाचा प्रश्न नाही, ती सार्वजनिक जबाबदारी आहे, हे त्यात मान्य झाले. संविधानाच्या अनुच्छेद ४१ मध्ये बेकारी, म्हातारपण, आजारपण आणि अपंगत्व यांत राज्याने आर्थिक कुवतीप्रमाणे साहाय्य करावे असे म्हटले आहे. पण शेतमजूर, घरकामगार, कंत्राटी सफाई कामगार आणि कचरावेचक यांच्यापर्यंत कारखान्यातल्या कामगाराचे संरक्षण नीट पोचलेच नाही. त्यांच्या वाट्याला योजना आल्या.

त्या योजनांचा हिशेबही पाहू. इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात केंद्राचा वाटा ६० ते ७९ वयाच्या दारिद्र्यरेषेखालील माणसाला महिन्याला २०० रुपये आणि ८० नंतर ५०० रुपये आहे. राज्ये आपापली भर घालतात. महाराष्ट्रात श्रावणबाळ योजनेत ६५ वर्षांनंतर महिन्याला १,५०० रुपये मिळतात. आयुष्मान भारत योजनेत ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या प्रत्येकाला, उत्पन्न न पाहता, वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. ही चांगली गोष्ट आहे आणि आपल्या घरातल्या ज्यांना लागू आहे त्यांचे कार्ड आजच काढून घ्यावे. पण हे संरक्षण दवाखान्यात भरती झाल्यावरचे आहे. म्हातारपणाचा रोजचा खर्च रक्तदाबाच्या गोळ्या, साखरेची तपासणी, गुडघे, डोळे आणि दवाखान्यापर्यंतचे रिक्षाभाडे यांत जातो. त्याला हे कार्ड चालत नाही.

शिवाय ही ६०, ६५, ७० ची अट कोणाच्या आयुष्यावर बेतलेली आहे? उत्तर प्रदेश, बिहार, मध्य प्रदेश, राजस्थान, ओडिशा यांच्यासह नऊ राज्यांतल्या दोन कोटी लोकांच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. संगीता व्यास, पायल हाथी आणि आशिष गुप्ता हे त्याचे लेखक. सवर्ण हिंदूंच्या तुलनेत आदिवासींचे सरासरी आयुर्मान चार वर्षांहून जास्त, दलितांचे तीन वर्षांहून जास्त आणि मुसलमानांचे सुमारे एक वर्षाने कमी असल्याचे त्यांना दिसले. यातला निम्म्याहून कमी फरक आर्थिक परिस्थितीने समजावता येतो. म्हणजे फक्त गरिबी हटवून हे अंतर मिटणार नाही. महाराष्ट्र त्या नऊ राज्यांत नव्हता, म्हणून आपण निश्चिंत राहावे असेही नाही. जी माणसे लवकर म्हातारी होतात आणि लवकर मरतात, त्यांच्यासाठी सत्तरीची अट ही दार उघडे ठेवून उंबरा उंच करण्यासारखी आहे.

त्यात वयाचा पुरावा आणखी एक अडथळा असतो. आपल्या कितीतरी घरांत आईबापांची जन्मतारीख १ जून किंवा १ जानेवारी आहे. मास्तरांनी किंवा आधार केंद्रातल्या माणसाने अंदाजाने ती टाकली. जी आई ‘दुष्काळात तुझा मामा झाला तेव्हा मी एवढी होते’ असे वय सांगते, तिचे वय कागदावर पाच वर्षांनी कमी लागले, तर पाच वर्षांची पेन्शन गेली. पहिल्यांदा शिकलेल्या पिढीने घरातल्या म्हाताऱ्यांचे कागद वेळीच तपासले, तर हे नुकसान काही प्रमाणात टळू शकते.

आता आपल्याकडे वळू. घरात पहिल्यांदा पदवी मिळवलेला मुलगा किंवा मुलगी दवाखान्यात आली की वॉर्डाचा सूर बदलतो, हा आपला अनुभव आहे. आपण डॉक्टरांशी हिंदीत, इंग्रजीत बोलू शकतो. फॉर्म भरतो, मोबाइलवर रिपोर्ट पाहतो. दिल्लीत, हैदराबादेत, सुरतेत नोकरी करणारे आपल्यातले अनेक जण आईबापांना ‘मोठ्या दवाखान्यात’ नेतात. तिथे आईची वऱ्हाडी किंवा अहिराणी कोणालाच कळत नाही. मग डॉक्टर मुलाशी बोलतात, मुलगा डॉक्टरांशी बोलतो, आणि आई मधल्या खाटेवर पडून दोघांची तोंडे पाहत राहते. तिच्या शरीराबद्दलची बैठक तिच्या उशाशी होते आणि तिला तीत जागा नसते.

आपण हे प्रेमापोटी करतो. तिला ताण नको म्हणून कर्करोगाचे नाव सांगत नाही. तिला कळणार नाही म्हणून विचारत नाही. पण ‘तुला काय कळतंय, गप बस’ हे वाक्य तिने पाटलाच्या वाड्यावर, रेशन दुकानात, तलाठ्याच्या कचेरीत आयुष्यभर ऐकले आहे. आता तेच ती पोटच्या पोराकडून ऐकते, तेही डॉक्टरांसमोर. आपल्या रागात पुष्कळदा लाजही मिसळलेली असते. तिची मिश्री, तिचा अंगठा, तिची बोली, औषधाच्या आधी अंगारा लावायचा तिचा हट्ट. आपण धडपडून ज्या जगात शिरलो त्या जगासमोर हे उघडे पडते आणि आपण तिला गप्प करतो. ही लाज आपली नाही, जातीने आपल्या डोक्यात ठेवलेली आहे, हे ओळखायला हवे.

दुसरी गोष्ट पैशाची. ‘माझं आता झालं, नका करू ऑपरेशन,’ असे म्हातारी माणसे म्हणतात. कधी तो खरा, विचारपूर्वक घेतलेला निर्णय असतो आणि त्याचा मान राखला पाहिजे. पण पुष्कळदा त्यामागे हिशेब असतो. नातीची फी, घराचा हप्ता, मुलाची कंत्राटी नोकरी, किती दिवस रजा मिळेल, हे सगळे खाटेवर पडल्या पडल्या मोजून झालेले असते. हा फरक शोधायचा तर खर्चाची गोष्ट बाजूला ठेवून शांतपणे विचारावे लागते: ‘आई, पैशाचं आम्ही बघतो. तुला स्वतःला काय हवंय?’ आणि उत्तर यायला वेळ लागला तर थांबावे लागते. हा प्रश्न तिला आधी कोणी विचारलेला नसतो.

काळजी कोण घेते हेही बोलले पाहिजे. निर्णय मुलगे घेतात, पण रात्री वॉर्डात खाटेखाली सतरंजी टाकून झोपते ती सून किंवा लेक. तिची मजुरी बुडते, तिची नोकरी सुटते, आणि कोणत्याही हिशेबात ते येत नाही. ब्राह्मणी घरव्यवस्थेवर टीका करणाऱ्या आपण आपल्या घरातला हा वाटा कोणाच्या डोक्यावर टाकला आहे ते पाहावे.

सिद्धार्थाने म्हातारा, आजारी आणि मृत माणूस पाहिला म्हणून घर सोडले, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’मध्ये बाबासाहेबांनी ती नाकारली. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारपण पाहिलेच नव्हते हे त्यांना पटणारे नव्हते. त्यांनी गृहत्यागाचे कारण शाक्य आणि कोलीय यांच्यातल्या रोहिणी नदीच्या पाण्याच्या भांडणात, म्हणजे समाजातल्या संघर्षात दाखवले. याचा अर्थ आपल्या विषयापुरता स्पष्ट आहे. म्हातारपण सर्वांना येते, पण त्यातले पुष्कळसे दुःख माणसांनी केलेले आहे आणि म्हणून माणसांना ते बदलता येते. विनयपिटकात एका आजारी भिक्खूची कथा आहे. तो आपल्याच घाणीत पडला होता, सोबत्यांनी त्याला टाकले होते. बुद्धांनी आनंदाला सोबत घेऊन स्वतः त्याला धुतले, खाटेवर ठेवले आणि मग संघाला जाब विचारला. ‘तू सहन करायला शीक’ असे त्यांनी त्या आजारी माणसाला सांगितले नाही.

म्हणून काही गोष्टी आपण आजपासून करू शकतो. भरती करताना चष्मा, कवळी, काठी, कानाचे यंत्र सोबत न्या आणि वापरू द्या. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर दिवसातून दोन-तीनदा बसवा, धरून चालवा. ‘दुखतंय का?’ असे विचारले तर उत्तर ‘नाही’च येईल, ‘रात्री झोप लागली का, कुशीवर वळताना कुठं लागतं?’ असे विचारा. माणूस एकाएकी बडबडू लागला किंवा एकाएकी फार शांत झाला, तर वयावर ढकलू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. डॉक्टर तुमच्याशी बोलू लागले तर म्हणा, ‘आईशी बोला, मी तिला समजावून सांगतो.’ घरी जाताना डिस्चार्ज कार्ड तिच्या बोलीत तिला वाचून दाखवा; कोणती गोळी कशाची आणि कोणती बंद झाली हे तिला स्वतःला माहीत हवे.

काही गोष्टी मात्र घरात सुटणाऱ्या नाहीत. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह आणि कल्याणाचा २००७ चा कायदा मुलांवर जबाबदारी टाकतो म्हणून सर्वांना माहीत आहे. त्याच कायद्याचे कलम २० सरकारलाही बांधते: सरकारी दवाखान्यात ज्येष्ठांना शक्यतो खाट, वेगळी रांग, आणि प्रत्येक जिल्हा रुग्णालयात वृद्धांच्या उपचारांची राखीव सोय. २०१० पासूनच्या राष्ट्रीय वृद्ध आरोग्य कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयात दहा खाटांचा वृद्ध कक्ष ठरलेला आहे. आपल्या जिल्ह्यात तो आहे का, त्याला कुलूप आहे का, हे माहितीच्या अधिकारात विचारणे पदवीधराला अवघड नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये मांडलेल्या रुग्ण हक्कांच्या सनदेत माहिती मिळण्याचा आणि भेदभाव न होण्याचा हक्क आहे. ती सनद वॉर्डाच्या भिंतीवर स्थानिक भाषेत लागली पाहिजे. वृद्धांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन वस्तीत प्रत्येकाला पाठ हवी.

होऊ शकते हे इतर राज्यांनी दाखवले आहे. तामिळनाडूने २०२१ पासून रक्तदाब आणि मधुमेहाची औषधे, फिजिओथेरपी रुग्णाच्या दारापर्यंत नेली. केरळने २००८ मध्ये वेदनाशामक व परिचर्या सेवेचे धोरण केले आणि ग्रामपंचायतींच्या मदतीने परिचारिका घरोघरी जाऊ लागल्या. म्हाताऱ्या माणसाने दवाखान्याशी जुळवून घेण्याऐवजी दवाखाना त्याच्या घराशी जुळवून घेऊ शकतो. महाराष्ट्रातही आणि इतर प्रत्येक राज्यात ही मागणी आपल्या संघटनांच्या यादीत शिष्यवृत्ती आणि आरक्षणाच्या बरोबरीने आली पाहिजे. कष्टकऱ्यांसाठी वयाची अट खाली आणणे आणि पेन्शन जगण्याच्या खर्चाशी जोडणे हेही त्यातच येते.

आपल्या आधीच्या पिढीने शाळेच्या दारात आपल्यासाठी अपमान गिळला. त्या पिढीला आता दवाखान्याच्या दारात आपली गरज आहे. तिच्या वतीने बोलणे हे पहिले पाऊल झाले. तिला स्वतः बोलता येईल एवढी जागा करून देणे हे त्याहून मोठे काम आहे. वॉर्डातल्या आजींनी एक दिवस डॉक्टरांना ‘ही गोळी कशाची?’ असे विचारले आणि त्यांना कोणी कटकट्या म्हटले, तर ते ऐकून आपल्याला अभिमान वाटला पाहिजे.